देवळाच्या दारातली पाटी

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या बुलढाणा जिल्ह्याकडे पाहुण्यांची रीघ सुरू होते. भाऊबीज आटोपते न आटोपते तोच मुंबई-पुण्याच्या मोटारी घाट चढू लागतात. लोणारचे सरोवर पाहावयाचे, सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकावयाचा, वाटेत मेहकरच्या बालाजीचे दर्शन घ्यावयाचे आणि शेवटी घाटाखाली उतरून शेगावी गजानन महाराजांच्या समाधीपुढे रांगेत उभे राहावयाचे, असा बहुतेकांचा बेत असतो. मी घाटावरचा माणूस. त्यामुळे निघण्यापूर्वी नातलगांचे आणि नातलगांच्या नातलगांचे फोन मला येतात. पूर्वी ते विचारीत, 'रस्ता कसा आहे? उतरायला जागा मिळेल का? भाकरी-ठेचा कुठे चांगला मिळतो?' अलीकडे मात्र त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. 'अहो, देवळात काय घालून आलेले चालते?'

हा प्रश्न विचारणाऱ्यांची चूक नाही. २०२० च्या डिसेंबरात शिर्डीला सभ्य पोशाखाचे आवाहन करणारी पाटी लागली. २०२३ च्या मे महिन्यात नागपूरच्या काही देवळांनी पोशाखाचे नियम केले. त्याच महिन्यात तुळजापूरला हाफ पँट आणि बर्म्युडा घालणाऱ्यांना मज्जाव करणारी पाटी झळकली आणि चोहीकडून ओरड होताच त्याच दिवशी उतरलीही. २०२५ च्या जानेवारीत मुंबईच्या सिद्धिविनायकाच्या न्यासाने आखूड आणि फाटक्या कपड्यांना बंदी जाहीर केली. पाट्यांचे हे लोण पाहता उद्या आपल्याला कोणत्या दारातून परतवतील याची धास्ती माणसाच्या मनात बसली, तर नवल नाही.

माझा पक्ष मी प्रारंभीच सांगून टाकतो. म्हणजे चकलीचा तुकडा मोडता मोडता पुढे वाचावे की नाही हे वाचकांना ठरविता येईल. देवळात जाताना नीट कपडे करावेत, या मताचा मी आहे. आणि नीट कपडे न करणाऱ्याला दारातून परत पाठवावे, या मताच्या मी पूर्ण विरुद्ध आहे. ही दोन्ही मते एकाच डोक्यात कशी राहतात, असे कोणी विचारील. मला तर ती एकमेकांवाचून राहूच शकत नाहीत असे वाटते.

प्रथम माझ्या शहरी पाहुण्यांशी भांडून घेतो. घरच्यांशी भांडावयास पुढे वेळ आहेच. 'देव काय कपडे पाहतो?' हा या मंडळींचा हुकमी सवाल. कबूल, देव पाहत नसेल. पण देवळात देव एकटा नसतो. लोणारचेच उदाहरण घ्या. अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेला सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा तो खळगा, त्यातले खारे पाणी, २०२० च्या जूनमध्ये ते एकाएकी गुलाबी झाले तेव्हा उडालेली खळबळ, हे सारे वाचून पर्यटक तेथे येतो. खळग्याच्या काठावर आणि आत देवळांची ओळच आहे. कित्येकांत मूर्ती नाही, दिवा नाही, वटवाघळांची वस्ती तेवढी आहे. पण काही देवळे जागती आहेत. खळग्याच्या तळाशी कमळजेचे ठाणे आहे; नवरात्रात तिची यात्रा भरते आणि बायाबापड्या ओटीचे सामान घेऊन उतरतात. गावातल्या दैत्यसूदनाच्या मंदिरावर पुरातत्त्व खात्याचा फलक आहे खरा, परंतु आत विष्णू उभा आहे, पायाखाली लवणासुर आहे आणि मूर्तीपुढे तेवणारी ज्योत आहे.

पर्यटकाला हा भेद कळत नाही, किंवा कळूनही तो मनावर घेत नाही. त्याला दोन्ही वास्तू सारख्याच 'जुन्या'. ज्या पायतणांनी तो पडक्या मंडपात गेला त्याच पायतणांनी जागत्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत येतो. आणि ज्या वेषात तो डोंगर उतरला त्याच वेषात देवीपुढे हात कमरेवर ठेवून उभा राहतो. शेजारी एखादी म्हातारी नातवाच्या दुखण्यासाठी नवस बोलत असते. तिला त्या क्षणी संकोच वाटतो. ती काही बोलत नाही, पदर पुढे ओढून एका बाजूला सरते एवढेच. माझे सारे म्हणणे त्या बाजूला सरण्यासाठी आहे. तिच्या देवळात तिने का सरावे?

ज्या वास्तूत रोज दिवा लागतो ती कोणाची तरी राहती जागा असते. आपण कोणाच्या घरी समाचाराला जातो तेव्हा भरजरी वस्त्र काढून साधे नेसतो, आणि हळदीकुंकवाला जाताना साधे काढून ठेवणीतले नेसतो. दाराशी पाटी लावलेली असते म्हणून काही आपण असे करीत नाही. आपल्या भाषेत याला फार चांगला शब्द आहे, 'औचित्य'. काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात या एका शब्दावर ग्रंथ लिहिला तो काव्यासंबंधी. पण अलंकार जागच्या जागी असला तरच शोभतो, हा त्यातला विचार नेसण्या-पांघरण्यालाही तितकाच लागू पडतो. हाफ पँट घालून खळगा उतरू नका, असे मी म्हणणार नाही. दगडगोटे, काटे आणि वऱ्हाडचे ऊन यांना तोच वेष सोयीचा आहे. फक्त पिशवीत एक उपरणे असू द्या. कमळजेपुढे ते कमरेला गुंडाळले किंवा खांद्यावर घेतले की झाले. चारशे पायऱ्यांचा गड चढताना पाण्याची बाटली घेता ना? तिच्या निम्म्या वजनाचे ते असते.

येथवर पाटीवाल्या मंडळींनी माना डोलावल्या असतील. आता त्यांच्याकडे वळतो.

या पाट्यांचा रोख त्या म्हातारीच्या संकोचाकडे असता तर माझे काही म्हणणे नव्हते. पण पाटीची भाषा तशी नसते. तिच्यात 'अशोभनीय', 'अंगप्रदर्शक' अशी विशेषणे असतात. म्हणजे देवळाचे पावित्र्य उघड्या अंगाने बिघडते, असे तिला सुचवावयाचे असते. हे मला मान्य नाही, आणि बुलढाणा जिल्ह्यात राहून तर ते कोणालाच मान्य होऊ नये.

कारण सरळ आहे. या जिल्ह्याचे सर्वांत मोठे दैवत वस्त्राची फिकीर न करणारे होते. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात गजानन महाराज लोकांना प्रथम दिसले ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. पुढे १९१० साली समाधी घेईपर्यंत ते बहुतेक दिगंबर वृत्तीनेच वावरले. भक्त शाली पांघरीत, महाराज त्या टाकून देत. आज घरोघरी जी तसबीर भिंतीवर आहे तिच्यातही त्यांच्या अंगावर वस्त्र नाही. तिच्यापुढे आमच्या लेकीसुना रोज उदबत्ती लावतात. कोणाच्या मनात भलता विचार येत नाही.

'ते सिद्धपुरुष होते. आपली त्यांच्याशी काय तुलना?' असा आक्षेप लगेच येईल. योग्य आहे. मी कोणालाही दिगंबर होण्याचा सल्ला देत नाही. माझा मुद्दा एवढाच की, उघड्या अंगाने स्थान विटाळते असे असते, तर शेगाव पवित्र झालेच नसते. मग वस्त्राचा आग्रह धरावयाचा कशासाठी? तर भोवतालच्या माणसांसाठी. आणि याचाही दाखला महाराजांच्या चरित्रातच आहे. दासगणूंच्या एकवीस अध्यायांच्या पोथीत ती कथा येते. महाराज आगगाडीने निघाले असता डब्यातल्या स्त्रियांना त्यांचे वस्त्रहीन असणे खटकले, तक्रार झाली, प्रकरण सरकार-दरबारी गेले. आणि अखेरीस दंड झाला तो महाराजांना नव्हे, तर त्यांच्याबरोबर असलेल्या भक्ताला. ही कथा भाविक एका अर्थाने वाचतात. मी तिच्यात व्यवहारही पाहतो. डब्यातल्या बायकांचा संकोच खरा होता, तो कोणी खोटा ठरविला नाही. महाराजांना पापी कोणी म्हटले नाही. आणि पांघरूण घालण्याची जबाबदारी जो सांभाळावयास बरोबर होता त्याच्यावर टाकली गेली. आजच्या पाटीवाल्यांनी ही कथा पुन्हा एकदा वाचावी.

दुसरे असे की, सभ्य पोशाख म्हणजे काय याविषयी आपल्या देवळांचे एकमत कधीच नव्हते. लोणार पाहून वेरूळला जाणारे प्रवासी पुष्कळ असतात. तेथे घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात शिरताना पुरुषाला सदरा आणि बनियन दोन्ही बाहेर काढून ठेवावी लागतात. म्हणजे एका देवाला उघडी छाती हवी, दुसऱ्याला झाकलेला गुडघा हवा! तिरुअनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात सलवार किंवा चुडीदार घातलेल्या बाईला वरून मुंडू गुंडाळावे लागते. २०१६ च्या नोव्हेंबरात तेथील अधिकाऱ्याने चुडीदाराला परवानगी दिली, आणि पुढल्याच महिन्यात केरळच्या उच्च न्यायालयाच्या निकालाने ती रद्द झाली. जो वेष गळ्यापासून घोट्यापर्यंत सारे अंग झाकतो तो अपुरा, आणि ज्यात पोट व पाठ उघडी राहते ती साडी पुरेशी. यात झाकण्याचा संबंध कोठे आला? हा सवयीचा प्रश्न आहे.

आपल्या आज्यांचेच पाहा. शेतात निंदायला जाताना त्या नऊवारीचा काचा मारीत तो गुडघ्याच्या वर जाई. तशाच त्या बांधावरच्या म्हसोबाला पाया पडत. सणासुदीला न्हाऊन ओलेत्याने देवाला पाणी घालणे हा तर सोवळ्याचा कळस मानला जाई. ओले लुगडे अंगाला किती चिकटते, हे सांगावयास का पाहिजे? पण त्या ओलेत्या बाईकडे पाहून 'अशोभनीय' असा शब्द कोणी उच्चारला असता, तर लोकांनी त्याच्याच डोळ्यांत खोट काढली असती. आमच्या पिंपळगाव सराईला सैलानीबाबांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही जातात. डोक्यावर रुमाल बांधल्यावाचून आत जाणे तेथे बरे दिसत नाही. आणि तिथल्याच होळीच्या यात्रेत पीडा जावी म्हणून नारळांबरोबर अंगावरचे जुने कपडेही होळीत टाकण्याची प्रथा पडली आहे. एका जिल्ह्यात एवढे प्रकार! वाईट एकही नाही. प्रत्येक ठिकाणची एक रीत आहे, आणि रीत ही पाहुण्याला समजावून सांगण्याची गोष्ट आहे. तिच्यावरून त्याच्या चारित्र्याचा पंचनामा करण्याची नव्हे.

असा पंचनामा एकदा मी डोळ्यांनी पाहिला. देवळाचे आणि गावाचे नाव सांगत नाही. माझे भांडण कोण्या एका विश्वस्ताशी नाही. माझी भाची, इंजिनिअरिंगच्या शेवटल्या वर्षाला असलेली मुलगी, एप्रिलच्या उन्हात आम्हांबरोबर रांगेत उभी होती. अंगात बिनबाह्यांचा कुडता, खाली पायघोळ सलवार. सव्वा तास उभे राहिल्यावर दाराशी असलेल्या रखवालदाराने शिट्टी वाजविली आणि सर्व रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, 'ओ मॅडम, हे असले कपडे इथं चालत नाहीत.' ओढणी गाडीत राहिली होती. 'मग काय करू?' असे तिने विचारले. 'ते मला विचारू नका,' असे उत्तर आले. तिच्या मागे एक गृहस्थ होते. कमरेला हाफ पँट, अंगात नुसती बनियन, खांद्यावर टॉवेल. ते आत गेले. भाची बाहेर पायरीवर बसली. तिची आई आत जाईना, म्हणून तीही बसली.

त्यानंतर महिन्याभराने आम्ही लोणारला गेलो. या खेपेस ओढणी नव्हती ती भाचीने मुद्दाम घेतली नव्हती म्हणून. मुलगी हट्टी आहे. ओटीचे सामान विकणाऱ्या एका म्हातारीने तिला पाहिले, टोपलीतला एक खण काढला आणि म्हणाली, 'पोरी, हे घे वं. टाक खांद्यावर. येतानी दे आणून.' हट्टी मुलीने खण निमूटपणे खांद्यावर घेतला, परत येताना घडी करून दिला आणि वर पन्नास रुपयांचे ओटीचे सामान घेतले. दोन्ही ठिकाणी मागणी एकच होती, खांदा झाकण्याची. एका ठिकाणी तिच्याबरोबर अपमान मिळाला, दुसऱ्या ठिकाणी खण. परिणाम काय झाला तो वाचकांपुढे आहे.

हा रखवालदार वाईट माणूस होता असे नाही. पण अमक्याला आत घ्यावे आणि तमक्याला नाही, हे डोळ्यांनी जोखून ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती येतो त्याचा डोळा हळूहळू ठरावीक माणसांवरच पडू लागतो. पहिल्यांदा तो तरुण मुलींवर पडतो. दुसऱ्यांदा कोणावर? पाट्यांमध्ये 'फाटके कपडे' असा शब्द असतो. मुंबईत पाच हजार रुपये मोजून फाडलेली विजार मिळते, तिच्यासाठी तो असेल. पण या जिल्ह्यात कापूस पिकवितात; आणि कापूस पिकविणाऱ्याच्या अंगावरचे धोतर पुष्कळदा विरलेले, दंड घातलेले असते. दारात उभ्या असलेल्या माणसाने हौसेचे फाटके आणि गरजेचे फाटके यांत फरक कसा करावा? तो करील, चेहरा पाहून करील, चपला पाहून करील, आणि कधी ना कधी चुकेल. जेव्हा चुकेल तेव्हा परत जाणारा माणूस वर्तमानपत्राला पत्र लिहिणाऱ्यांपैकी नसेल. तो पायरीला हात लावून निघून जाईल.

देवळाच्या दारातून परत जाण्याचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. पंढरीचा विठोबा सर्वांना भेटावा म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावले. १९५६ साली देवळाची दारे सर्व हिंदूंना खुली ठेवणारा कायदा झाला. आणि त्याच कायद्याच्या आधारे २०१६ च्या ३० मार्चला मुंबईच्या उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या प्रवेशाचा हक्क मान्य केल्यावर ८ एप्रिलला शनिशिंगणापूरचा चौथरा त्यांना मोकळा झाला. वस्त्राचा नियमही नेहमी निरागस असतो असे नाही. केरळातल्या देवळांत पुरुषांना सदरा काढावयास लावण्याची चाल ही अंगावर जानवे आहे की नाही हे पाहण्यासाठी पडली, असे शिवगिरी मठाचे प्रमुख स्वामी सच्चिदानंद यांनी ३१ डिसेंबर २०२४ रोजी जाहीर सभेत सांगितले आणि ती बंद करण्याचे आवाहन केले. नारायण गुरूंच्या गादीवरून आलेले हे शब्द आहेत. ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत.

पोशाखाची पाटी आणि जातीची बंदी एकच, असे मी म्हणत नाही. जात बदलता येत नाही, कपडा बदलता येतो. हा फरक मोठा आहे, आणि पाटीवाल्यांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद तोच आहे. परंतु जो म्हणतो की कपडा बदलता येतो, त्याने बदलण्यास कपडा दिला पाहिजे. शंभर कोसांवरून आलेल्या, सव्वा तास रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला दाराशी 'बदलून या' असे सांगणे म्हणजे 'येऊ नका' असेच सांगणे होय.

'इतर धर्मांच्या स्थानी तुम्ही मुकाट्याने नियम पाळता. आमच्याच देवळाचा नियम का बोचतो?' असेही मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी फार लांब जावयास नको, नांदेडपर्यंत जावे. हुजूर साहिबच्या गुरुद्वारात मस्तक झाकल्यावाचून प्रवेश नाही. नियम कडक आहे. त्याला अपवाद नाही. पण तो राजालाही आहे आणि रंकालाही, पुरुषालाही आणि बाईलाही, शिखालाही आणि तुम्हा-आम्हांलाही. आणि ज्याच्यापाशी रुमाल नसेल त्याला गुरुद्वाराच्या दाराशीच तो मिळतो. कोणी तुमच्याकडे रोखून पाहत नाही, कोणी संस्कृतीवर व्याख्यान देत नाही. रुमाल बांधायचा, आत जायचे, लंगरात जेवायचे आणि येताना रुमाल परत टाकायचा. नियम आणि त्याचा उपाय ही दोन्ही तेथे एकाच ठिकाणी ठेवलेली आहेत. म्हणून तो बोचत नाही. आमच्या पाट्यांमध्ये नियम तेवढा असतो, आणि उपाय ज्याचा त्याने शोधावयाचा असतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. ज्या देवस्थानाला पोशाखाचा नियम करावासा वाटतो त्याने जरूर करावा. पण ज्या दिवशी पाटी लावील त्याच दिवशी तिच्याखाली धुतलेल्या उपरण्यांची आणि ओढण्यांची टोपली ठेवावी. टोपली ठेवता येत नसेल तर पाटीही लावू नये. पाटीवर विशेषणे नकोत. 'खांदे आणि गुडघे झाकून आत यावे. वस्त्र नसल्यास येथून घ्यावे आणि जाताना ठेवावे' एवढे दोन ओळींत मावते. नियम पुरुषालाही तोच असावा. बनियन आणि टॉवेलवाल्या गृहस्थांनाही एक उपरणे मिळावे. आणि कोणालाही, कोणत्याही वेषात, दारातून परत पाठवू नये.

यावर जे व्यवहारी आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. कापड आणावे कोठून? देवस्थानाच्या विश्वस्तांनी हा प्रश्न विचारावा हे नवलच. देवीला येणाऱ्या साड्या आणि खण, देवाला येणारी उपरणी आणि शाली यांचे मोठ्या देवळांत ढीग लागतात. कोठे कोठे त्यांचे लिलाव होतात. त्यांतल्या थोड्या साड्या फाडून शिवून घेतल्या तर टोपली वर्षभर भरलेली राहील, आणि देवीचे वस्त्र खांद्यावर पडले म्हणून भाविक धन्यता मानील. धुवावे कोणी? गावातल्या बायकांच्या बचत गटाला ते काम द्यावे. चार घरांना चार पैसे मिळतील. लोक पळवून नेतील? काही नेतील. चपला नेतात म्हणून आपण चपला बाहेर ठेवण्याची रीत मोडलेली नाही.

एक आणखी. पोशाखावर इतके शब्द खर्च करणारी मंडळी इतर अनौचित्याबद्दल गप्प का? पैठणी नेसून, मोत्यांचे दागिने घालून, ओळखीच्या माणसाचा हात धरून रांग मोडणारी बाई कोणत्या पाटीत बसते? रेशमी झब्बा घालून देवाकडे पाठ करून स्वतःचाच फोटो काढणारा तरुण? लोणारच्या काठावर प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून जाणारे सुसंस्कृत कुटुंब? त्या सरोवराला २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले, म्हणजे जगाने ते जपण्याजोगे मानले. यांचे खांदेही झाकलेले असतात आणि गुडघेही. औचित्याला अंगभर वस्त्र पुरत नाही. शेजारच्या माणसाचे भान असावे लागते. ते असले म्हणजे वस्त्राचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, आणि नसले म्हणजे पाटीने एकही सुटत नाही.

असो. फराळाची ताटे पुन्हा भरण्याची वेळ झाली असेल. यंदाच्या सुट्टीत आमच्याकडे यावयाचे ठरवीत असाल तर अवश्य या. खळगा उतरताना सोयीचे कपडे घाला, टोपी घाला, पाणी घ्या. आणि पिशवीत उपरणी दोन टाका. एक तुमच्यासाठी, आणि दुसरे, दाराशी कोणी ओशाळून उभे असलेले दिसले तर त्याच्यासाठी. ते देताना काही बोलण्याची जरुरी नाही. 'येतानी दे आणून' एवढे म्हटले की पुरे.